मनी ॲप, रिझर्व्ह बँकेचं: टपरीच्या गल्ल्यावर बसून दिलेला रिव्ह्यू

आधी सांगतो मी कोण, म्हणजे हे कुठल्या अनुभवावर बोलतोय ते कळेल. सांगलीत एसटी स्टँडजवळ माझी टपरी आहे. भडंग, चिक्की, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, शेंगदाण्याच्या पुड्या, परीक्षेच्या सीझनला पेनं आणि पॅड. मी पूर्ण अंध आहे, सहाव्या वर्षी गोवर झाला त्यात दोन्ही डोळे गेले, रंग थोडे थोडे आठवतात पण नोट रंगावरून ओळखणं हे आयुष्यात कधी केलेलं नाही. सकाळी सातला टपरी उघडतो, रात्री साडेआठला बंद. दुपारी बायको डबा घेऊन येते तेव्हा तासभर ती बसते, बाकी वेळ मी एकटा. रोजचं दीडशे-दोनशे गिऱ्हाईक, म्हणजे रोज त्याच्या निम्म्या वेळा तरी कुणीतरी माझ्या हातात एक कागद ठेवतं आणि तो दहाचा का पाचशेचा हे मला दोन सेकंदात ठरवायला लागतं, कारण मागं अजून चार माणसं उभी असतात आणि समोरच्याची मिरजेची गाडी लागलेली असते.

ॲपचं नाव मनी. मोबाईल एडेड नोट आयडेंटिफायर याचं ते छोटं रूप. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला आणलं. फुकट आहे. अँड्रॉइडवर पण मिळतं, आयफोनवर पण. कॅमेऱ्यासमोर नोट धरायची की ॲप आकडा बोलतं, बास, एवढंच काम आहे त्याचं. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीच होतं, नंतर अजून अकरा भाषा आल्या त्यात आपली मराठी पण आली. मी आता मराठीवरच ठेवलंय. हिंदी कळत नाही असं नाही, पण दिवसभर मराठीत हिशेब करायचा आणि मधेच कुणीतरी कानात हिंदीत आकडा सांगायचा, पन्नास आणि पचास, डोकं एकदा थांबतं. ते थांबणं गेलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकदा डाऊनलोड केलं की इंटरनेट लागत नाही. डोळस माणसाला ही बारीक गोष्ट वाटेल. स्टँडवर गर्दीच्या टायमाला, म्हणजे सकाळी कॉलेजची पोरं आणि संध्याकाळी परतीची माणसं, नेट अक्षरशः गुदमरतं, यूपीआयचं चक्र फिरत बसतं, अशा वेळी लोक खिशातनं नोट काढतात, आणि बरोबर त्याच वेळी माझं नोट ओळखायचं ॲप पण नेटवर अडकून बसलं असतं तर काय उपयोग. आधी एक दुसरं ॲप वापरून बघितलेलं, नाव घेत नाही, ते फोटो कुठंतरी वर पाठवायचं आणि मग उत्तर आणायचं. तोवर गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा राहूदे, मी सांगतो ना, शंभरचीच आहे." सांगणारा खरंच सांगत असतो हो, दहातले नऊ जण खरंच बोलतात, पण पैसे माझे आहेत तर ते किती आहेत हे मला माझं मला कळलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे.

आता हे ॲप लागतं कशाला हे सांगतो, कारण लोक विचारतात, "तुम्ही लोक तर हात लावून ओळखता ना?" ओळखतो की. ओळखत होतो. ॲपचं कौतुक करायच्या आधी हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर ॲप ही चैन वाटेल.

२०१६ च्या आधीच्या नोटा आठवा. पन्नासची लांबी १४७ मिलीमीटर, शंभरची १५७, पाचशेची १६७, हजारची १७७. रुंदी सगळ्यांची ७३. म्हणजे दर पायरीला पूर्ण एक सेंटीमीटर. आम्हाला शाळेत सरांनी शिकवलेलं, नोट तर्जनी आणि करंगळीच्या मधे ताणून धरायची, कुठं येते ते लक्षात ठेवायचं. एक सेंटीमीटर बोटाला झोपेत पण कळतो. मी कॉइन बॉक्स असताना आणि नंतर पीसीओ बूथवर बसायचो (सार्वजनिक फोनचं बूथ, अपंगांना देत तेव्हा, पिवळा बोर्ड, आठवत असेल तुम्हाला), त्या सगळ्या वर्षांत नोट चुकलीय असं माझ्या आठवणीत दोनदा का तीनदा झालं असेल.

८ नोव्हेंबर २०१६ नंतर नवीन नोटा आल्या. पाचशेची ६६ बाय १५०. मग २०१७ ला दोनशेची आली, ६६ बाय १४६. २०१८ ला जांभळट रंगाची शंभरची आली, ६६ बाय १४२. आता हे आकडे परत एकदा वाचा. १४२, १४६, १५०. रुंदी तिन्हीची सारखी. शंभर, दोनशे आणि पाचशे, म्हणजे माझ्या गल्ल्यातल्या सगळ्यात मोठ्या तीन नोटा, आणि त्यांच्यात फरक चार-चार मिलीमीटरचा. मुगाचा एक दाणा ठेवला तर जेवढी जागा घेईल तेवढा. घरात टेबलावर दोन्ही नोटा एकावर एक ठेवून कडा जुळवल्या तर कळतो, नाही कळत असं नाही. पण हातात एकच नोट आहे, कोपरा दुमडलाय, माणूस घाईत आहे, तेव्हा मुगाचा दाणा कुठं शोधायचा.

त्यात जुन्या दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा पण चालूच आहेत, पाचशे-हजारसारख्या त्या काही बंद झाल्या नाहीत. जुनी वीसची नोट लांबीला १४७, नवीन दोनशेची १४६. जुनी दहाची १३७, नवीन पन्नासची १३५. रुंदीत तीन मिलीमीटरचा फरक आहे, जुनी दहा-वीस ६३ ची. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात असं कसं, आम्हाला कधी जाणवलं नाही. तुम्हाला कसं जाणवेल, तुम्ही रंग बघता.

उठावदार खुणा आहेत, ते पण सांगतो, नाहीतर एकांगी होईल. शंभर आणि वरच्या नोटांवर आमच्यासाठी म्हणून उठाव दिलेला आहे. शंभरवर त्रिकोण, दोनशेवर एच अक्षरासारखी खूण, पाचशेवर गोल. आणि नोटेच्या दोन्ही कडांना तिरक्या रेघा, शंभरला चार, दोनशेला चार रेघा आणि मधे दोन बारके गोल, पाचशेला पाच. दोन हजारच्या नोटेला सात रेघा होत्या आणि चौकोन, ती १९ मे २०२३ ला मागं घ्यायचं जाहीर झालं, तो विषय संपला. हे सगळं कोऱ्या नोटेवर छान लागतं. एटीएममधनं निघालेली करकरीत पाचशेची नोट घ्या, कडेवरनं अंगठ्याचं नख फिरवा, रेघा मोजता येतात. मी ओळखीच्या अंध मित्रांना हेच सांगतो की घरखर्चाचे पैसे काढायचे तर एटीएममधनंच काढा, सुट्टे करून आणलेले घेऊ नका. पण ती नोट बाजारात सहा महिने फिरली, मच्छीवाल्या मावशींच्या कमरेला खोचून आली, हळदीच्या पोत्याशेजारी झोपून आली, की उठाव सपाट होतो. नवीन दहा, वीस आणि पन्नासला तर अशी खूण नाहीच, तिथं फक्त माप.

२०१९ च्या महापुरात आमच्या भागात पाणी आलं तेव्हा घरातल्या नोटा भिजल्या. बायकोनं एकेक सोडवून, टॉवेलखाली ठेवून, इस्त्री फिरवून वाळवल्या. पैसे वाचले. पण त्या नोटा हातात घेतल्यावर मला काहीच कळेना. जुन्या धोतराच्या चिंधीसारख्या मऊ, ना रेघ ना त्रिकोण, कडा पण वळलेल्या. मी त्या रात्री पहिल्यांदा पूर्ण गल्ला बायकोकडनं मोजून घेतला. तिला काय वाटलं माहीत नाही, मला फार लागलं ते. तेव्हा हे ॲप नव्हतं, पुढच्या जानेवारीत आलं, आणि माझ्याकडं स्मार्टफोन त्याच्याही नंतर आला.

पोरीनं टाकून दिलं. ती तेव्हा नववीत होती, म्हणाली पप्पा हे बघा रिझर्व्ह बँकेचं आहे. पहिल्या दिवशी आम्ही घरातल्या सगळ्या नोटा काढून बसलो, देवघरातली ओवाळणीची पाकिटं पण फोडली. ती नोट द्यायची, मी आधी बोटानं सांगायचो, मग ॲपला विचारायचं. घडी घातलेली नोट पण ओळखलीन त्यानं, आणि उलटी-सुलटी कशी पण धरा, पुढची बाजू मागची बाजू आपण बघायची गरज नाही. बोटानं ओळखताना ही मोठी कटकट असते, त्रिकोण एकाच बाजूला एकाच ठिकाणी, नोट चार प्रकारे हातात येऊ शकते, म्हणजे तो सापडेपर्यंत फिरवत बसा.

टपरीवर मात्र पहिले आठ दिवस जमलं नाही आणि त्यात ॲपचा दोष नाही, सांगतो काय झालं. एका हातात मोबाईल, एका हातात नोट, मग भडंगाची पुडी कुठल्या हातानं द्यायची? मोबाईल खाली ठेवला की परत हातात घेऊन कॅमेरा कुठल्या बाजूला ते बघायचं. गिऱ्हाईक ताटकळतं. शिवाय भडंग म्हणजे तेल, तेलाची बोटं कॅमेऱ्याच्या काचेला लागायची आणि मग ॲप गप्प. मला वाटायचं बिघडलं. पोरीनं संध्याकाळी काच पुसली आणि लगेच बोलायला लागलं. आता शर्टाच्या खिशात एक सुती रुमाल फक्त कॅमेऱ्यासाठी असतो, दुसऱ्या कशाला लावत नाही.

मोबाईलचं कोडं ओळखीच्या सुतारानं सोडवलं. त्याला म्हटलं मला मोबाईल कॅमेरा खाली करून आडवा झोपेल असं एक स्टूल करून दे. त्यानं प्लायवूडचं केलं, चार पाय, वर एक फळी, फळीला कॅमेऱ्यापुरतं भोक, आणि मोबाईल हलू नये म्हणून तीन बाजूंनी पट्टी. उंची वीतभर. खाली फळीवर काळा रेक्झिनचा तुकडा चिकटवलाय, त्याला कडेनं दोरा शिवून घेतलाय म्हणजे नोट कुठं ठेवायची ते बोटाला कळतं. वरनं बारका एलईडी दिवा. आता नोट आली की डाव्या हातानं स्टूलखाली सरकवायची, उजवा हात पुडीकडं, कानात आकडा येतो. स्टूलला प्लायवूड, दिवा, मजुरी धरून साडेतीनशे रुपये गेले. ॲप फुकट आहे पण ज्याला धंद्यावर वापरायचंय त्यानं हे एवढं करावंच, त्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही.

आवाजाचं एक सांगतो. स्पीकरवर ठेवलं की "पाचशे रुपये" हे सगळ्या रांगेला ऐकू जातं. बाईमाणसाला, म्हाताऱ्या माणसाला ते आवडत नाही, आणि मला पण माझ्या गल्ल्यात काय चाललंय ते स्टँडभर सांगायचं नसतं. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा. दोन्ही कान कधी बंद करू नका, आपले कान म्हणजे आपला रस्ता आहे. ज्यांना ऐकू पण येत नाही त्यांच्यासाठी ॲपमधे व्हायब्रेशनची सोय आहे, मोबाईल थरथरून नोट सांगतो. हे ज्यानं कुणी डोक्यात ठेवून केलं त्याला माझा नमस्कार. आमच्या शाळेत एक मुलगा होता, दिसायचं नाही आणि ऐकू पण जवळजवळ नाहीच, त्याला पैसे कधी कुणी हातात देतच नसत, खाऊ घेऊन द्यायचे.

आता जे ॲप करत नाही ते. खरी का खोटी हे ते सांगत नाही. रिझर्व्ह बँकेनं तसं स्पष्ट सांगितलेलंच आहे की हे फक्त किती रुपयाची ते ओळखतं, नोटेच्या खरेपणाची खात्री देत नाही. हे लक्षात ठेवा, कारण बरेच जण समजतात की ॲप बोललं म्हणजे नोट चांगली. मला एकदा संध्याकाळच्या गर्दीत एक पाचशेची आली, आकडा बरोबर बोलला, दुसऱ्या दिवशी होलसेलवाल्यानं हातात घेऊन लगेच परत केली, म्हणाला कागदच वेगळा आहे मामा. कागद मला पण वेगळा लागलेला खरं म्हणजे, जरा गुळगुळीत, पण कानात पाचशे आलं आणि मी बोटांचं ऐकलं नाही. तेव्हापासून क्रम ठरवलाय, आधी बोट मग कान. नोट हातात आली की आधी कागद चोळून बघायचा, रेघा लागतात का बघायचं, मनात आकडा धरायचा, मग स्टूलखाली. दोन्ही जुळलं की गल्ल्यात. जुळलं नाही तर परत एकदा.

म्हणून माझं म्हणणं, नवीन पोरांना हे ॲप द्या पण बोटांची सवय मोडू देऊ नका. अंध शाळेतनं आलेली हल्लीची पोरं टपरीवर भेटतात, मोबाईल काय सुरेख चालवतात, टॉकबॅकचा, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या आवाजाचा, स्पीड असा ठेवतात की मला अर्धं कळत नाही, पण नोट हातात दिली की थेट मोबाईल काढतात. बॅटरी संपली की? मी फ्रेमवाल्याकडनं ॲक्रिलिकची एक पट्टी कापून घेतलीय, एका टोकाला अडण आणि १२३, १२९, १३५, १४२, १४६, १५० या मापांवर खाचा. म्हणजे नवीन दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे. नोट अडणीला टेकवायची, दुसरं टोक कुठल्या खाचेवर येतं ते अंगठ्यानं बघायचं. ही पट्टी गल्ल्यात कायम असते. मोबाईल चार्जिंगला असला की तिच्यावर काम चालतं. पाकिटात पण सवय ठेवलीय, पाचशेची उभी घडी, दोनशेची आडवी घडी, शंभरची घडी नाही, बाकी सुट्टं दुसऱ्या कप्प्यात.

नाण्यांसाठी ॲप नाही आणि लागत पण नाही. लहानपणी तर नाणी म्हणजे मजा होती, पाच पैसे चौकोनी, दहा पैशाला पाकळ्या, वीस पैसे सहा कोनांचं, सगळं खिशातल्या खिशात कळायचं. मधे बरीच वर्षं एक, दोन, पाच सगळी गोलच गोल आली आणि वैताग झाला. २०१९ ला जी नवीन मालिका आली ती अंध माणसाचा विचार करून केलीय, किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं, आणि वीसचं नाणं बारा कोनांचं. दहाचं आणि वीसचं दोन्ही २७ मिलीमीटरचीच, पण वीसचे कोन बोटाला लगेच लागतात, एकदा पण चुकलो नाही. जे वीसच्या नाण्यात जमलं ते नोटेत का जमू नये हे मला मनापासून वाटतं. रुंदी वेगळी ठेवा, नाहीतर कोपऱ्याला असं काहीतरी द्या जे झिजणार नाही. ॲप ही मदत आहे, पण नोट स्वतःच बोटाशी बोलली तर मोबाईल नसलेल्या माणसाला पण कळेल, आणि स्टँडवर भीक मागणारा, अगरबत्ती विकणारा, गाडीत गाणं म्हणणारा माझा अंध भाऊ, त्याच्याकडं कुठला आलाय चांगल्या कॅमेऱ्याचा फोन.

यूपीआयबद्दल विचारतील म्हणून सांगतो. स्पीकरचा डबा ठेवलाय, मराठीत बोलतो, "वीस रुपये प्राप्त झाले", फार मोठी सोय. त्याच्या आधी लोक मोबाईलचा स्क्रीन माझ्यासमोर धरायचे, "मामा टाकले बघा", आता मी काय बघू. बहुतेकांच्या लक्षातच यायचं नाही. एक-दोघांनी मुद्दाम केलं असणार, महिनाअखेरीला हिशेब लागला नाही तेव्हा कळलं. आता डबा बोलल्याशिवाय पुडी सुटत नाही. तरी टपरीवर रोख अजून निम्मी असते, खेड्यातनं येणारी माणसं, शाळेची पोरं, म्हातारी माणसं, त्यामुळं ॲपचं काम काही कमी झालेलं नाही.

एक गोष्ट रिव्ह्यूच्या जरा बाहेरची आहे, पण लिहितो. गिऱ्हाईकांत चांगली माणसं असतात, मायेनं बोलतात, पण दोनच उदाहरणं देतात. एक म्हणजे विष्णू दिगंबर पलुस्कर, इथलेच, कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्यानं डोळे गेल्यासारखे झाले, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकले आणि १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. "तुम्ही गाणं का नाही शिकला?" दुसरं उदाहरण प्रांजल पाटील यांचं, उल्हासनगरच्या, दिसत नसताना यूपीएससीत १२४ वा नंबर काढून आयएएस झाल्या. दोन्ही माणसं डोंगराएवढी, मला त्यांचा अभिमान आहे, पोरीला मी दोघांच्या गोष्टी सांगितल्यात. पण मला गाण्याची नाही, हिशेबाची आवड आहे, मला दुकान आवडतं, माल आणायला, भाव करायला, उधारी लक्षात ठेवायला आवडतं. आमच्यातले बहुतेक जण गवई पण नसतात आणि कलेक्टर पण नसतात, साधा धंदा करतात, आणि त्यांना ज्या मदतीची गरज असते ती अशी असते, पाचशेची मोड देताना शंभर समजून पाचशे परत जाऊ नये. माझ्याकडनं तसं गेलंय, दोनदा, २०१८ ला. एकदा कॉलेजचा पोरगा गाडीतनं उतरून परत आला, "मामा तुम्ही जास्त दिलेत" म्हणाला. दुसऱ्या वेळी कुणी आलं नाही. त्या दिवशीचा नफा चारशेला जरा कमीच होता, म्हणजे दिवसच गेला. ॲप आणि स्टूल आल्यापासून असं एकदा पण झालेलं नाही.

बँकेचं काम पण बदललं त्यानं. पूर्वी एका बँकेत, नाव नको, काउंटरवरनं पैसे घेताना म्हणायचे कुणीतरी डोळस माणूस बरोबर आणा, चेकबुक द्यायला पण नाखूश. खरं तर अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर हे सगळं इतरांसारखंच द्यायचं असं परिपत्रक रिझर्व्ह बँकेनं २००८ लाच काढलं, ते मी ब्रेलमधे उतरवून खिशात ठेवलंय, आणि साहेबासाठी छापील कॉपी. आता काउंटरवरच उभं राहून एकेक नोट कॅमेऱ्याखाली धरतो, मोजतो, मग सही करतो. मागची रांग थोडी थांबते. थांबूदे.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एवढ्यासाठी की ज्याला रोज वापरायचंय त्याला स्टूल, दिवा, रुमाल ही सगळी तयारी स्वतःची स्वतः शोधायला लागते, ती कुणीतरी आमच्यासारख्यांना बसून शिकवायला पाहिजे. डाऊनलोड करताना नावासारखी नावं असलेली दुसरी ॲप पण दिसतात, तेव्हा खाली बनवणाऱ्याचं नाव रिझर्व्ह बँक आहे का ते टॉकबॅकनं ऐकूनच टाका. टाकल्यावर एकदा नेट बंद करून तपासून बघा म्हणजे खात्री पटेल. भाषा सेटिंगमधनं मराठी करून घ्या. आणि पहिला आठवडा घरीच, आपल्या माणसाबरोबर, आधी बोट मग कान असा सराव करा, घाईच्या ठिकाणी लगेच जाऊ नका.

स्टूलचं माप कुणाला हवं असेल तर टपरीवर या, हात लावून बघा, सुताराला दाखवायला घेऊन गेलात तरी चालेल, संध्याकाळपर्यंत परत आणून द्या. दुपारी बारा ते एक बायको असते तेव्हा मी मोकळा असतो, तेव्हा आलात तर बसून दाखवतो.